भंगाराच्या काट्यावरून परत आलेली जावा

जुनी मोटारसायकल विकायला काढली की भंगारवाला पहिला प्रश्न विचारतो तो वजनाचा. कंपनी कोणती, साल कोणते, तिच्यावरून कोण कुठे गेले, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. लोखंड किती, ॲल्युमिनियम किती, एवढाच त्याचा हिशोब. धंद्याच्या दृष्टीने तो चुकीचाही नाही. जावा मोटारसायकल सुमारे १३० किलो भरते. एखाद्या कामगाराने पोटाला चिमटा घेऊन घरात आणलेले पहिले इंजिन अर्ध्या तासात हातगाडीवर चढते आणि किलोच्या भावाने निघून जाते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आमच्या तीन गावांत अशा गाड्या आजही सापडतात. चाळीच्या जिन्याखाली, बंद पडलेल्या गाळ्यात, संडासाच्या मागे ताडपत्रीखाली त्या उभ्या असतात. कुठे राजदूत, कुठे बुलेट, कुठे येझदी. वाचकांपैकी काहींच्या घरीही असेल. अशीच बदलापूरच्या एका कुटुंबाची १९६९ सालच्या नोंदणीची जावा गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ मध्ये, पुन्हा रस्त्यावर आली. त्या कामात आम्हीही होतो. आम्हाला पान्हा धरता येतो, याहून अधिक कौशल्य आमच्याकडे नाही. आम्ही कारकून माणसे, त्यामुळे आमच्या वाट्याला कागद आणि जमाखर्चाची वही आली. परंतु दर रविवारी तेथे बसून जे पाहिले ते लिहून ठेवण्याजोगे वाटले. एक गोष्ट आमच्या मनावर ठसली. जुनी गाडी एकट्या पैशाने उभी राहत नाही. तिचे एकेक अंग ओळखणारी चार-पाच माणसे एकत्र आली तरच ती उभी राहते, आणि अशी माणसे आता झपाट्याने कमी होत आहेत.

प्रथम या गाडीविषयी थोडे. जावा हे नाव मूळचे प्रागचे. फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलचा आराखडा घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून जावा हे नाव केले. आपल्याकडे परदेशी गाड्यांच्या आयातीवर बंधने आली तेव्हा देशातच कारखाने निघाले. मद्रासला १९५५ साली एनफील्ड, साठच्या दशकाच्या आरंभी म्हैसूरला आयडियल जावा आणि फरिदाबादकडे एस्कॉर्ट्सची राजदूत. म्हैसूरचा कारखाना इराणी कुटुंबाचा. १९७३ पासून त्यांच्या गाडीला येझदी हे नाव मिळाले, ते इराणातील यझ्द या शहरावरून. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. हिरो होंडाची फोर स्ट्रोक गाडी एक लिटर पेट्रोलमध्ये दुप्पट अंतर कापू लागली होती, धुराचे नियम कडक होत होते, त्यापुढे दोन स्ट्रोकची अडीचशे सीसीची गाडी टिकणे कठीण होते.

ज्यांनी ही गाडी चालवली नाही त्यांना तिची एक खोड सांगितलीच पाहिजे. हिची किक हाच हिचा गिअर. किक मारून इंजिन सुरू झाले की तोच दांडा आत ढकलून पुढे वळवायचा, की तो गिअरचा दांडा झाला. पायाने गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतो, हाताने दाबला नाही तरी चालते. सिलेंडर एकच, परंतु सायलेन्सर दोन. नव्या पोरांना गाडी हातात दिली तर ती किक शोधतात, सापडली तर गिअर शोधतात. अंबरनाथच्या स्टँडवर आम्ही हा तमाशा डोळ्यांनी पाहिला आहे.

पुरातली गाडी

बदलापूरची ही जावा तिच्या मालकांनी १९७८ साली जुनी म्हणून विकत घेतली होती. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. पहिल्या पाळीला जाताना मागच्या सीटवर कोणी ना कोणी शेजारी असायचाच. वस्तीत दुसरे वाहन नव्हते. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली, कोणाला विंचू चावला, की उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयापर्यंत हीच गाडी. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे आजी म्हणतो, त्या सांगतात की गाडीचा आवाज ऐकून लोक घड्याळ लावत.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला, हे सर्वांच्या लक्षात आहे. इकडे उल्हास नदी गावात शिरली, त्याची आठवण मुंबईच्या वर्तमानपत्रांना कमी आणि आम्हाला जास्त. या घरात पाणी गाडीच्या टाकीपर्यंत चढले. पाणी ओसरल्यावर आधी घर धुवायचे की गाडी? घरच धुतले गेले. धान्य, अंथरुणे, पोरांची पुस्तके यांच्यापुढे गाडीची पाळी आलीच नाही. पुढे मालक वारले आणि गाडीवर ताडपत्री पडली ती पडलीच.

येथे जाणकारांनी सांगितलेली एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण पूर काही पुन्हा यायचा थांबलेला नाही. पुरात बुडालेल्या गाडीला किक मारू नये. प्लग काढावा, इंजिनातील पाणी उलटे करून ओतून टाकावे, टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत आणि प्लगच्या भोकातून डिझेल किंवा ऑइल घालून क्रँक हाताने हळूहळू फिरवावा. पहिल्या दोन-तीन दिवसांत एवढे झाले तर बहुतेक इंजिने वाचतात. दोन स्ट्रोकच्या इंजिनाला तर याची घाई अधिक. त्याच्या क्रँकच्या पोटात तेल साठलेले नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल तेथून जाते आणि जाता जाता बेअरिंगला वंगण देते. इंजिन बंद पडले की बेअरिंगवर उरते ती तेलाची पातळ साय. पुराचा गाळ तिच्यावर बसला की गंजायला किती वेळ?

घरात मतभेद होते, हेही सांगितले पाहिजे. २०१८ च्या नोव्हेंबरात महिंद्रांच्या भागीदारीतील क्लासिक लेजंड्स या कंपनीने जावाचे नाव पुन्हा बाजारात आणले, जानेवारी २०२२ मध्ये येझदीही आली. नव्या गाड्या फोर स्ट्रोकच्या, परंतु नावाच्या झळाळीने जुन्या गाड्यांचे भाव चढले. मुंबईचे दलाल गल्लोगल्ली फिरू लागले. या घरीही एक येऊन गेला. थोरल्या मुलाचे म्हणणे होते, विकून टाकू, पावसाळ्यापूर्वी घराचे पत्रे तरी बदलून होतील. हे म्हणणे हावरेपणाचे मुळीच नव्हते. धाकट्याला गाडी ठेवायची होती. शेवटी थोरल्याने अट घातली. आईच्या निवृत्तिवेतनातला एक पैसा गाडीवर जाणार नाही आणि वर्षभरात गाडी चालली नाही तर ती विकायची. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत ताडपत्री निघाली ती या अटीवर.

आधी कागद

गाडी खोलण्याआधी कागद पाहा, हा आमचा आग्रह आणि तो आम्ही कोणासमोरही मागे घेणार नाही. इंजिनावर हजारो रुपये घालून शेवटी नोंदणीच सापडली नाही तर ती गाडी दिवाणखान्यात ठेवण्याची वस्तू होते. आजींनी लोखंडी पेटीतून गाडीचे पुस्तक काढले. पुराचे डाग होते, पण चासीचा आणि इंजिनाचा नंबर वाचता येत होता. तो पेन्सिलीने कागदावर घासून गाडीवरील नंबरांशी ताडून पाहिला. दोन्ही जुळले. येथेच अर्धी लढाई जिंकली, कारण या वयाच्या गाड्यांत इंजिन एकीचे आणि चासी दुसरीची असा प्रकार फार.

मालक हयात नसतील तर वारसाच्या नावे हस्तांतरासाठी नमुना ३१ भरावा लागतो. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचे ना-हरकत शपथपत्र हवे. थोरल्या मुलाने सही केली, मुलीने सासरहून येऊन केली. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण नमुना २५ वर होते आणि ते पाच वर्षांसाठी मिळते, त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीला ३०० वरून १,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील दुचाकीसाठी २,००० रुपये. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर, विमा आणि धुराचे प्रमाणपत्र. जुन्या पुस्तकांच्या नोंदी पुष्कळदा संगणकात चढलेल्या नसतात. त्या आधी चढवून घ्याव्या लागतात, त्याला वेळ लागतो. तेव्हा कागदाचे काम आणि इंजिनाचे काम एकाच दिवशी सुरू करावे. आम्ही तसेच केले.

आता एक नवा रस्ताही आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केला की पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ घडणीत मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. ज्यांची नोंदणी आधीच आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्यांना व्हीए ही अक्षरे मिळतात. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज फेरी, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. १९६९ ची जावा या नियमात बसत होती. आमच्यातील एकाला ते फार भावले. आम्ही मात्र विरोध केला. ज्यांच्याकडे चार गाड्या आहेत त्यांच्यासाठी हा नियम ठीक. जी गाडी पहिल्या पाळीला जाण्यासाठी घेतली होती ती वर्षातून एकदा हार घालून फिरवायची, हे आमच्या मनाला पटेना. धाकटा मुलगाही म्हणाला, "साहेब, मला ती बाजाराला न्यायची आहे." साधेच नूतनीकरण करायचे ठरले.

टर्नर काका आणि डायल गेज

अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, तिच्या शेजारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, एकेकाळी विमकोचा आगपेटीचा कारखाना होता. त्यामुळे या गावात हाताने शतांश मिलिमीटर ओळखणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली. त्यांतीलच एक निवृत्त टर्नर आमच्या कामाचे खरे कर्तेधर्ते. वय सत्तरीच्या पुढे, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, परंतु मायक्रोमीटर हातात घेतला की दुसऱ्या कोणाला वाचू देत नाहीत. त्यांच्या जोडीला बदलापूरचे एक रिक्षा मिस्त्री. आजच्या रिक्षा गॅसवर चालतात, पण या मिस्त्रींची उमेदवारी दोन स्ट्रोकच्या रिक्षांवर झाली. प्लगचा रंग पाहून इंजिनाची तब्येत सांगणारा असा माणूस आता तरुणांत मिळणार नाही, कारण तरुणांना तसे इंजिनच पाहायला मिळत नाही.

पिस्टन सिलेंडरमध्ये गच्च बसला होता. कोणी म्हणाले हातोडा घाला. मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइलचे मिश्रण भरले आणि पुढच्या रविवारपर्यंत हात लावायचा नाही अशी तंबी दिली. एक रविवार गेला, दुसरा गेला, रोज थोडे थोडे मिश्रण भरणे चालूच. तिसऱ्या रविवारी हेड काढून पिस्टनवर सागवानी ठोकळा ठेवला आणि हलके ठोके दिले. पिस्टन केसभर सरकला. त्या दिवशी चहा टर्नर काकांकडून.

सिलेंडर बाहेर आला तो आतून गंजाने खवल्यासारखा झाला होता. जावाचा मूळ बोअर ६५ मि.मी., स्ट्रोक ७५ मि.मी. गाडीचा बोअर पूर्वी एकदा झालेला होता. आणखी किती कातावे लागेल यावर पिस्टन कोणता घ्यायचा ते ठरते, आणि नेमके येथे बरेच लोक उलटे करतात. आधी सिलेंडर कातून आणतात, मग पिस्टन शोधत फिरतात. टर्नर काकांचा नियम असा की पिस्टन हातात आल्याशिवाय सिलेंडर लेथवर चढवायचा नाही. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापला की बिडाच्या सिलेंडरपेक्षा जास्त फुगतो. मध्ये जागा कमी पडली तर भर रस्त्यात पिस्टन पकडतो, जास्त झाली तर थंड इंजिन भांड्यासारखे वाजते.

पिस्टन शोधण्यात तीन महिने गेले. उल्हासनगरची ख्याती आपल्याला ठाऊकच आहे, येथे कोणत्याही वस्तूची जोडीदार तयार होते आणि तिच्यावर अभिमानाने यूएसए लिहिले जाते, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! ही थट्टा आपल्या घरची. परंतु जुन्या गाड्यांच्या नकली भागांचा बाजार आता देशभर आहे आणि तेथे थट्टा नाही. एका दुकानातून आलेला चकचकीत पिस्टन काकांनी मोजला तर पिनचे भोक मध्यापासून सरकलेले. खोक्यावर छपाई मात्र जुन्यासारखी हुबेहूब. तो परत गेला. खरा पिस्टन सापडला तो पुण्याच्या एका जावावाल्याकडे. त्याने तो स्वतःच्या गाडीसाठी राखून ठेवला होता. फोनवर माप विचारले, दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने पाठवून दिला. पैशाचे विचारले तर म्हणाला, तुमच्याकडे दुसऱ्या बाजूची टूलबॉक्सची झाकणे असतील तर बघा. आमच्याकडे एक जादा होते. व्यवहार संपला.

क्रँकचे काम पाहणे हा एक सोहळाच. दोन स्ट्रोकच्या या इंजिनात क्रँक अखंड नसतो. दोन जड चकत्या आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पिन, तिच्यावर कनेक्टिंग रॉड. बेअरिंग बदलायचे तर पिन दाबयंत्राखाली काढावी लागते, नवी घालावी लागते आणि मग दोन्ही चकत्या एका रेषेत आणाव्या लागतात. काकांनी क्रँक लेथच्या दोन टोकांत धरला, डायल गेज लावला आणि तांब्याच्या हातोडीने चकतीच्या कडेला एक ठोका दिला. काटा हलला. फिरवून दुसऱ्या बाजूने अर्धा ठोका. पुन्हा फिरवले. खोलीत कोणी बोलत नव्हते. काटा दोन-तीन शतांशांच्या आत स्थिरावायला जवळजवळ दोन तास लागले. किती जोराने मारायचे ते कोणत्या पुस्तकात आहे, असे धाकट्याने विचारले. काकांनी उत्तर दिले नाही, हातोडी त्याच्या हातात दिली आणि मनगट धरून मारायला लावले. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी तो मुलगा त्यांच्याकडे भंगारातल्या एका क्रँकवर हात बसवत आहे. आमच्या मते या सगळ्या खटाटोपात मोलाचे काय झाले असेल तर ते हे.

ऑइल सील ही किरकोळ दिसणारी वस्तू, पण दोन स्ट्रोकचा सगळा श्वास तिच्यावर. एका बाजूचा सील गेला तर इंजिन गिअरचे ऑइल ओढून घेते आणि मागे पांढऱ्या धुराचे ढग सोडते. डायनामोच्या बाजूचा गेला तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. लोक कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत बसतात आणि दुखणे असते सीलमध्ये. दोन्ही नवे घातले. जिकॉव्ह कार्ब्युरेटर उकळत्या पाण्यात धुतला, जेट केसाने नव्हे तर हवेने साफ केला.

वीज सहा व्होल्टची. पॉइंट घासून ०.४ मि.मी.चे अंतर ठेवले, कंडेन्सर नवा, वायरिंग सगळे नवे कापडी वेष्टणाचे. रात्री दिवा मिणमिणतो हे खरे. बारा व्होल्टचे करून घ्यावे की नाही यावर शौकिनांत भांडणे होतात. ज्यांना रोज रात्री परतायचे आहे त्यांनी लाज न बाळगता करून घ्यावे. आम्ही मूळचेच ठेवले, कारण हा मुलगा दिवसाच फिरणार.

क्रोम, रंग आणि एक पेंटर

टाकीच्या दोन्ही अंगांना क्रोम, बाकी गर्द तांबडा रंग आणि त्यावर बारीक सोनेरी रेघा, हे त्या जावाचे रूप. टाकी आतून गंजलेली. तिच्यात साखळीचा तुकडा आणि बारीक खडी घालून ती गोणपाटात गुंडाळून तासन्‌तास हलवली, मग सौम्य आम्ल, मग धुण्याच्या सोड्याचे पाणी, मग उन्हात. येथे एक इशारा. टाकीला झाळ लावायची असेल तर ती कितीही वर्षे रिकामी असली तरी आत वाफ असू शकते. धुतल्याशिवाय ज्योत जवळ नेऊ नये. वापरलेले आम्ल आणि क्रोमचे पाणी गटारात ओतू नये. वालधुनी नदीचे आपण काय करून ठेवले आहे ते पुलावरून नाक दाबून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. क्रोमचे सांडपाणी जहरी असते. त्यावर प्रक्रिया करणाऱ्याकडेच काम द्यावे, थोडे महाग पडले तरी चालेल. आम्ही क्रोम फक्त टाकी, हँडल आणि रिमला केले. काही शौकीन दिसेल त्या नटाला क्रोम करतात. गाडी लग्नातल्या बँडवाल्यासारखी दिसते.

सीट उल्हासनगरच्या एका सिंधी सोफा कारागिराने शिवली. त्यांचे स्वतःचे वडील फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आले होते, जे युद्धकाळातील लष्करी तळाचे १९४९ साली उल्हासनगर झाले. लष्कराने लिलावात काढलेल्या बीएसए आणि नॉर्टन गाड्यांच्या गोष्टी त्यांनी वडिलांकडून ऐकल्या होत्या. जुनी सीट उसवून तिच्या प्रत्येक तुकड्याचा नमुना त्यांनी वर्तमानपत्रावर काढला आणि नवे रेग्झीन टाक्याला टाका मिळवून शिवले. मजुरी घेतली नाही. गाडी सुरू झाल्यावर एक चक्कर मारू द्या म्हणाले.

सोनेरी रेघांचा प्रश्न अवघड होता. बाजारात चिकटपट्ट्या मिळतात, परंतु त्या दोन पावसाळ्यांत सुटतात. अंबरनाथचा एक साइनबोर्ड पेंटर आठवला. पूर्वी दुकानांच्या पाट्या, भिंतीवरची जाहिरात, सभांचे फलक सगळे त्याच्याच हातचे असायचे. फ्लेक्स आले आणि त्याचा धंदा बसला. आता तो एका इमारतीवर पहारेकरी आहे. खारीच्या केसांचा लांब ब्रश त्याने अजून तेलात बुडवून जपून ठेवला होता. रात्रपाळी संपवून सकाळी आला, टाकीवर करंगळी टेकवली आणि श्वास रोखून एका दमात रेघ ओढली. दोन्ही बाजूंची रेघ आम्ही सुताने मोजली. फरक नव्हता. त्याला आम्ही ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले आणि खर्चाच्या वहीत तो आकडा आम्हाला सर्वांत जास्त समाधान देतो. वहीत आणखी एक रकाना आहे, कोणाकडून काय फुकट आले त्याचा. तो रकाना खर्चाच्या रकान्यापेक्षा लांब झाला.

या शौकिनांची जात निराळीच. जुलैचा दुसरा रविवार जावा-येझदी दिन म्हणून देशभरातील गावोगावचे शौकीन पाळतात, गाड्या घेऊन जमतात. कोण साहेब, कोण मेकॅनिक, कोण किराणा दुकानदार, हे तेथे विचारले जात नाही. विचारतात ते एवढेच, कोणते मॉडेल आणि सील कोठून आणले. अर्थात सगळेच साधुसंत नाहीत. आम्हाला मदतीच्या नावाखाली गाडीचा सौदा करू पाहणारेही दोघे भेटले.

मुदत २०२५ च्या दिवाळीला संपत होती. त्या दिवशी गाडी उभी होती, रंगलेली होती, परंतु चाकाचे स्पोक यायचे होते. थोरल्याकडे दोन महिन्यांची मुदतवाढ मागितली, कारकुनी भाषेत लेखी अर्जच केला. तो वाचून तो पहिल्यांदा हसला आणि मंजूर असे लिहून सही केली. डिसेंबरच्या एका सकाळी मिस्त्रींनी लिटरला चाळीस मिलिलिटरच्या हिशोबाने ऑइल मिसळले, नवा पिस्टन म्हणून वर थोडे जास्त. सात किका फुकट गेल्या. आठवीला गाडी खोकली आणि दोन्ही नळ्यांतून बोलू लागली. शेजारच्या बिल्डिंगमधील एक म्हातारे गृहस्थ गॅलरीत आले आणि मालकांचे नाव घेऊन विचारू लागले, आला का रे तो?

धूर येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. बरोबर मापाचे ऑइल आणि चांगले सील असतील तर तो फार नसतो, प्रमाणपत्रही मिळाले आहे. पण दोन स्ट्रोकच्या गाड्या रस्त्यावरून गेल्या हे हवेच्या दृष्टीने बरेच झाले. अशी एखादी राहावी, शंभर नकोत. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही त्रास आहे. ते ओलावा धरते आणि जुन्या रबराच्या नळ्या फुगवते. गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर धाकटा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवतो.

नूतनीकरण झाले. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा क्रमांकाची पाटी सक्तीची, त्यामुळे पेंटरने रंगवलेली पाटी काढावी लागली. ती घरात भिंतीवर लावली आहे. सोफा कारागिरांनी बारवी धरणाच्या रस्त्याने आपली चक्कर मारून घेतली. पहिले हजार किलोमीटर गाडी हळू चालवायची आहे, आतापर्यंत सहाशे झाले. थोरला मुलगा रविवारी येतो तेव्हा चावी मागतो, परत देताना पेट्रोल भरून देतो. स्पीडोमीटर अजून पुण्याहून यायचा आहे, तेव्हा हे किलोमीटरही आम्ही वहीतच मोजतो. आजी मात्र अद्याप गाडीवर बसलेल्या नाहीत. मागच्या चाकाची साडीची जाळी पुरात वाहून गेली होती, आणि ती मिळेपर्यंत मी बसायची नाही, असे त्यांनी साफ सांगितले आहे. या मापाची जाळी कोणाच्या माळ्यावर पडली असेल तर कळवावे. आमच्याकडे बदल्यात डाव्या बाजूचा एक फूटरेस्ट आणि दोन चांगले स्पोक शिल्लक आहेत.